कातळपाड्याची हाक

८ नोव्हेंबर १९५४, सोमवार

डेप्युटीसाहेब आज शाळा तपासायला आले आणि माझ्या गळ्यात लोढणं अडकवून गेले. खरं सांगायचं तर मान मीच पुढे केली.

"येत्या सव्वीस जानेवारीला प्रत्येक शाळेनं आपल्या गावची कला दाखवायची," साहेब म्हणाले. "तुमच्या गावचं वैशिष्ट्य काय?" हेडमास्तर छताकडे बघू लागले. मी उचलली जीभ नि लावली टाळ्याला. "दगडाची खाण."

"ती तर बंद पडली ना?"

"खाण बंद पडली, साहेब. माणसं आहेत की."

वाक्य झकास जमलं. साहेबांनी वहीत 'कु. पद्मजा रेगे' असं लिहून घेतलं. तीन वर्षं दादरच्या शाळेत बदली मागते आहे. हे नाव त्यांच्या लक्षात राहिलं तर कांदिवली सुटेल. इतर सगळ्यांना सांगताना मी गावाचा अभिमान वगैरे म्हणणार आहे. इथे तरी खोटं कशाला लिहू?

खाण म्हणजे स्टेशनपासून पूर्वेला वीस मिनिटांवरचा कातळपाडा. सगळी ख्रिस्ती कुटुंबं, थोडी भातशेती आणि बाकी सगळा जन्म दगड फोडण्यात. पाच वर्षांपूर्वी काम थांबलं, खड्ड्यात हिरवं पाणी साचलं. आता पोरं पाड्याचं नाव सांगायला लाजतात, 'स्टेशनाजवळ राहतो' म्हणतात. वरची मंडळी पाड्याचं नाव बदलून 'नवजीवन नगर' करायला निघाली आहेत.

माझे वडील, भाऊ, त्या खाणीवर बावीस वर्षं कारकून होते. घरातच एवढा मोठा आधार! जेवताना मोठ्या उत्साहानं सांगितलं, तर म्हणाले, "दुसरा विषय नाही का सुचला?" तेवढ्यात घड्याळानं आठचे टोले दिले. भाऊंनी घास हातात धरून ते बोटांवर मोजले आणि मला विचारलं, "आठच ना?" पूर्वी घाईच्या बाबतीत मी त्यांच्यावर गेले म्हणत सगळे. आता माणूस टोलेसुद्धा तपासून घेतो. म्हातारपण, दुसरं काय.

१४ नोव्हेंबर, रविवार

पाड्यात जाऊन आले. गाणी कोणाला येतात विचारलं तर सगळ्यांनी जोसेफीनचं घर दाखवलं. माझ्याच वयाची असेल, तिशीच्या आतली. भाजीची पाटी घेऊन बोरिवलीपर्यंत फिरते. नवरा गिल्बर्ट खाणीत गेला. "सुरुंगात गेला," ती म्हणाली, बाजाराला गेला म्हणावं तसं.

"गाणी कसली वो, बाई? मुकादमाला घातलेल्या शिव्या हाईत त्या, सुरात."

"त्याच हव्यात."

मग तिनं खडी फोडताना म्हणायचं एक गाणं म्हटलं. "घण घाल गो, हळू घाल गो, मुंबईची पायरी ती, फुटंल गो. पायरीवर साहेब चढंल गो, आपल्याला खालनंच बगंल गो." मी पोट धरून हसले आणि मग एकदम हसू थांबलं. आजवर दहा वेळा तरी असल्या पायऱ्या चढले असेन.

ओट्यावर तिचा सासरा रोझारिओ एका पाट्याला टाकी लावत बसला होता. जोसेफीननं त्याच्याशेजारी चहा ठेवला आणि अंगणातल्या कोंबडीला म्हणाली, "च्या निवतंय गो." म्हातारा प्याला उचलून प्याला. मला वाटलं ऐकू कमी येतं. शेजारणीनं वाटेत सांगितलं, सून पाच वर्षं त्याच्याशी बोललेली नाही. रांधते, धुते, दुखलंखुपलं बघते, पण बोलते ते कोंबडीशी.

असल्या घरच्या भांडणात मला पडायचं नाही. गाणी झाली म्हणजे झालं.

२१ नोव्हेंबर, रविवार

आज माझी चांगलीच फजिती झाली.

पाड्यातल्या लोकांनी सांगितलं होतं की रोज दुपारी बाराला सुरुंग उडत. त्याआधी रोझारिओ पितळी थाळा वाजवत गल्लीतून जायचा आणि तीनदा ओरडायचा, "सुरुंग हाय रेऽऽ, घरात व्हाऽऽ!" सगळ्यांनी आत जाऊन दारं लावायची. बारा सुरुंग उडाले की तो 'मोकळं रेऽऽ' म्हणायचा, तेव्हा बाहेर यायचं. सव्वीसला पाड्यातल्या माणसांकडूनच खाणीचा खेळ करून घ्यायचं मी ठरवलंय, मला तर त्याचा शेवटच मिळाला. थाळा रोझारिओच्या घरात भिंतीकडे तोंड करून टांगलेला दिसला. विचारायचं कशाला, घेतला काढून, नि मुलांना दाखवायला गल्लीत उभी राहून दणादण वाजवला.

बघता बघता पाडा रिकामा! बायका पोरांना बखोटीला धरून आत, कोंबड्या टोपल्यांखाली, दारं धडाधड बंद. गल्लीत मी आणि थाळा. आधी मला हसू आलं. "अहो, तालीम आहे!" म्हणून ओरडले. दाराआडून कोणीतरी म्हणालं, "मोकळं म्हणा की, बाई." मी म्हटलं. कोणी येईना. आतून हसण्याचे आवाज, पण पाऊल एकाचंही बाहेर नाही. "तुमचं नाय चालत. थाळा ज्याचा, मोकळं त्यानंच म्हणायचं."

रोझारिओ तेवढा आत गेला नव्हता. टाकी हातात तशीच धरून ओट्यावर बसला होता. मला वाटलं, म्हाताऱ्याला उठायचा आळस. शेवटी जोसेफीनच बाहेर आली. तोंड पांढरं पडलेलं. माझ्या हातातून थाळा घेऊन तिनं पुन्हा भिंतीकडे तोंड करून टांगला आणि म्हणाली, "परत हात लावू नका, बाई."

घरी हे सगळं मी हातवारे करून सांगितलं. भाऊ हसतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, "किती वेळा वाजवलास?" आणि भात तसाच टाकून उठले.

५ डिसेंबर, रविवार

कामाला वेग आला आहे आणि मला मात्र स्वस्थता नाही. घरोघरचे दगड मांडायचं प्रदर्शन ठरलं: पाटे, उखळी, कोंबड्यांना पाणी पाजायच्या कुंड्या, एका अंगणातला छोटा क्रूस. पोरं आता चढाओढीनं सांगतात, "बंदरावरची ती पायरी माझ्या आजोबानं घडवली." "आणि कोर्टाचा खांब आमचा." यातलं निम्मं थापांचं असणार, पण महिन्यापूर्वी हीच पोरं पाड्याचं नाव सांगत नव्हती.

रोझारिओकडे पुन्हा गेले. "बाबा, एवढी हाक द्या. बाकी सगळं मी बघते."

"हाक माझ्याकडं नाय आता, बाय."

"अहो, पण अख्खा खेळ त्याच्यावर उभा आहे."

"खाण बी त्याच्यावरच उभी व्हती," तो म्हणाला आणि पाट्यावर टाकी मारू लागला.

पालथ्या घड्यावर पाणी. परतताना शेजारणीनं हळूच सांगितलं, "मोजायला चुकला ना म्हातारा. त्या दिशी अकराच उडाले आणि यानं मोकळं म्हटलं. पयला आत गेला तो याचाच गिल्बर्ट, नि बारावा तवा उडाला." मी गल्लीतच थबकले. एकुलता एक मुलगा. म्हणजे जोसेफीन बोलत नाही ती यामुळे.

मला खरंच वाईट वाटलं. पण त्याच्या मागोमाग हेही मनात आलं की दुसऱ्या कोणाकडून हाक देऊन घेतली तर पाड्यातलं कुत्रंसुद्धा हलणार नाही. आता काय करू?

१२ डिसेंबर, रविवार

भाऊंशी भांडण झालं. आज प्रथमच लक्षात आलं की ते मंडईत जाताना पाड्याच्या सरळ गल्लीनं न जाता रेल्वेच्या कडेकडेनं सबंध वळसा घालून जातात. विचारलं तर म्हणाले, "गल्लीत चिखल असतो."

"डिसेंबरात?"

मग मीही बोलून गेले. बावीस वर्षं त्या माणसांच्या घामावर घर चाललं, आता त्यांच्या गल्लीची घाण वाटते काय? भाऊ काडेपेटीतल्या काड्या मोजत बसले होते. अकरापर्यंत आले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं!

२६ डिसेंबर, रविवार

जोसेफीननं नाताळच्या नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्याच, पाठवल्या होत्या. भाऊंनी डबा उघडून पाहिला आणि झाकण लावून ठेवला. सोवळंओवळं या घरात कधी नव्हतं, आता नव्यानं सुरू झालेलं दिसतं. मी रागारागानं सहा खाल्ल्या.

नाताळच्या शुभेच्छा द्यायला गेले तेव्हा रोझारिओ स्वच्छ सदरा घालून बसला होता. मी हाकेचा विषय काढलाच नाही. त्यानंच काढला.

"कारकूनसाब येणार काय तुमचा खेळ बगायला?"

"भाऊ? का हो?"

"ते येणार असंल तर देतो हाक."

बघा! म्हाताऱ्याला अजून साहेबलोकांचं किती अप्रूप! जुने अधिकारी समोर बसले पाहिजेत, मानानं ऐकलं पाहिजे. मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, "येणार म्हणजे काय, पहिल्या रांगेत बसवते." जोसेफीन आत भांडी घासत होती. तिचे हात थांबल्याचं कळलं. मग तिनं कोंबडीला विचारलं, "घुमट कोण वाजवनार गो, सुरुंगाचं?" घुमट म्हणजे घोरपडीच्या कातड्याचं त्यांचं लग्नातलं वाद्य. बारा सुरुंगांचे बारा ठोके त्यावर वाजवायचं ठरलंय.

"तू वाजवतेस?" मी विचारलं.

"मीच वाजवनार."

एका दिवसात दोन्ही गोष्टी जमल्या. घरी येताना मी अक्षरशः पळत आले.

९ जानेवारी १९५५, रविवार

भाऊ येत नाहीत म्हणतात. विनवलं, रागावले, अबोला धरून पाहिला. "माझी प्रकृती बरी नसते," म्हणतात. रोज चार मैल वळसा घालून चालणाऱ्याची प्रकृती!

पाड्यात मात्र मी सांगते आहे की भाऊ तालमीची चौकशी करतात, त्यांना फार उत्सुकता आहे. रोझारिओ दर खेपेला विचारतो आणि मी दर खेपेला थाप मारते. इतकी निर्लज्ज मी कधीपासून झाले? झोप लागत नाही. एकदा वाटतं, जाऊन खरं सांगावं. मग डेप्युटीसाहेबांचं पत्र डोळ्यांपुढे येतं. चार वाजता येणार आणि पाच वाजून दहाच्या गाडीनं परत जाणार, असं त्यांनी कळवलं आहे. पाऊण तासात सगळं उरकायला हवं.

१६ जानेवारी, रविवार

खाणीतली कोरडी बाजू साफ केली. सत्तर माणसं राबली. जे पाच वर्षांत तिकडे फिरकले नव्हते तेही फावडी घेऊन आले. एकानं कातळाला हात लावून सांगितलं, "हा माझा. इथवर मी आणला, नि मग पाणी लागलं." खेळातली गाणी आता बायका भाजी विकतानाही म्हणतात. नवजीवन नगराची पाटी लावायला माणसं आली होती, त्यांना पोरांनी सांगितलं, "सव्वीसनंतर या, आत्ता कातळपाडा बिझी हाय." हे ऐकून मला इतका आनंद झाला की दादर क्षणभर विसरले.

क्षणभरच. रोझारिओनं पुन्हा विचारलं.

२५ जानेवारी, मंगळवार

आज शेवटचा उपाय म्हणून भाऊंना खरं ते सांगितलं. "रोझारिओनं अट घातली आहे. तुम्ही आलात तरच तो हाक देणार."

भाऊ झोपाळ्यावर बसले होते. झोपाळा थांबला.

"रोझारिओ असं म्हणाला? स्वतःच्या तोंडानं?"

"हो. आणि मी कबूल करून बसले आहे. नाही आलात तर माझी वाट लागली समजा."

ते उठून उभे राहिले. मग विचारलं, "मोजणार कोण आहे उद्या?"

"मोजायचं काय त्यात? जोसेफीन बारा ठोके देणार, की झालं."

"झालं," भाऊ म्हणाले. येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत. यांच्याकडून सरळ उत्तर मिळेल तो सुदिन.

२६ जानेवारी, बुधवार

लिहून काढल्याशिवाय मला बसवणार नाही.

चारला सुरुवात. साहेब वेळेवर आले. पहिल्या रांगेतली भाऊंची खुर्ची रिकामीच होती. गाणी झाली, 'पायरी फुटंल गो'ला साहेब मनापासून हसले. पावणेपाच वाजले. रोझारिओ थाळा घेऊन कातळाशी उभा होता. रिकाम्या खुर्चीकडे बघत होता, हाक काही देत नव्हता. तेवढ्यात रेल्वेच्या बाजूच्या वाटेनं भाऊ आले. धुळीनं भरलेले. खुर्चीवर न बसता कडेला उभे राहिले.

रोझारिओनं थाळा वाजवला. "सुरुंग हाय रेऽऽ, घरात व्हाऽऽ!" काय आवाज तो! कातळावरून फिरून आला. समोर बसलेल्या पाड्यातल्या बायकांनी पोरांना पदराखाली ओढलं. खेळातली माणसं कनातीमागे जाऊन दबकून बसली. जोसेफीननं घुमटावर ठोके द्यायला सुरुवात केली. एकेक, सावकाश. शेवटचा ठोका पडला, तिनं हात मांडीवर ठेवले आणि मान वर करून सासऱ्याकडे बघत राहिली.

'मोकळं' काही येईना. म्हटलं, म्हातारा विसरला. साहेब घड्याळ बघायला लागले. मी कनातीआडून खुणा केल्या, मग सरळ पुढे गेले आणि दबक्या आवाजात म्हटलं, "झाले बारा. म्हणा मोकळं, साहेबांची गाडी खोळंबली आहे."

रोझारिओनं माझ्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरले. मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "अकरा झाले, बाय. मोकळं कसं म्हणू?"

"बारा झाले हो, बाबा!"

"अकराच मारले मी," जोसेफीन म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. पाच वर्षांत पहिल्यांदा ती सासऱ्याशी सरळ बोलली. "बगायचं व्हतं मला, मोजता येतं का तुमाला. येतं तर मग त्या दिशी का म्हटलं मोकळं? का म्हटलं?"

रोझारिओनं थाळा खाली ठेवला. खाणीत एवढी माणसं, पण एक पोर रडेना.

"त्यानं अकराच मोजले होते." मागून आवाज आला. भाऊ पुढे येत होते. "मला येऊन सांगितलं, साहेब, अकरा झालेत, थांबू. ठेकेदाराची लॉरी उभी होती. मी म्हटलं, झाले बारा. म्हण मोकळं, लॉरी खोळंबली आहे." मग ते जोसेफीनकडे वळले. "मी मोजलेच नव्हते, पोरी. मी मोजलेच नव्हते."

माझं वाक्य. शब्द न् शब्द माझंच वाक्य. आत्ताच माझ्या तोंडातून गेलेलं. पायांखालचा कातळ सरकला असता तर बरं झालं असतं.

कोणीतरी म्हणालं, "मग पाच वर्सं बोलला का नाय, म्हाताऱ्या?" रोझारिओ म्हणाला, "सांगितलं त्यांनी. पर हाक माझ्याच तोंडातनं गेली ना."

जोसेफीन कितीतरी वेळ घुमटाकडे बघत होती. साहेबांची गाडी केव्हाच गेली असेल, ते जागचे हलले नाहीत. मग तिनं हात उचलला आणि बारावा ठोका दिला. रोझारिओनं छाती भरून घेतली. "मोकळं रेऽऽ!"

माणसं उठली. जोसेफीननं खाली ठेवलेला थाळा उचलला, दुसऱ्या हातानं सासऱ्याचं मनगट धरलं आणि त्याला घरी घेऊन गेली. आमच्याकडे दोघांनीही पाहिलं नाही.

३० जानेवारी, रविवार

साहेबांचं पत्र आलं. कार्यक्रम 'अविस्मरणीय', बदलीची शिफारस करतो म्हणतात. वाचून कपाटात ठेवलं.

भाऊ परवापासून मंडईत सरळ गल्लीनं जातात. जातात म्हणजे जोसेफीनच्या दारापर्यंत जातात. बाराच्या सुमाराला. ती त्यांना येताना बघते आणि दार लावून घेते. ते अंगणात उभे राहतात, टोपी हातात घेऊन. हाक मारत नाहीत, कडी वाजवत नाहीत. तासाभरानं परत येतात.

आज मी त्यांच्या मागोमाग गेले. ऊन कडक होतं. रोझारिओ ओट्यावर टाकी लावत होता, तो भाऊंना या म्हणाला नाही आणि जा असंही म्हणाला नाही. आतून जोसेफीनचा आवाज येत होता. "बाबा, जेवाय या आत." कोंबडीला नव्हे, त्याला. तो उठून आत गेला, आणि दार पुन्हा लागलं.

अर्धा तास झाला, पाऊण झाला. भाऊंच्या मानेवरून घाम ओघळत होता. चला आता, पुरे झालं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि त्यांच्या शेजारी उभी राहिले.